ही शीला कोण?

प्रेमकथेला पाऊस लागतो म्हणतात. मग नगर जिल्ह्यातल्या पोरींनी काय करायचं? आमच्याकडे तो प्यायला पुरत नाही, प्रेमाला कुठून आणणार! माझी गोष्ट सुरू झाली ती एप्रिलातल्या रणरणत्या दुपारी, नागापूर एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडखाली. आणि त्या गोष्टीतलं पहिलं वाक्य होतं —

"तिथं आठ पाहिजेत."

मी मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच, सावळा माणूस उभा होता. चष्म्यावर धूळ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, तापलेलं लेकरू दवाखान्यात आणावं तसं. नजर मात्र सरळ माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर.

"काय आठ?"

"घरं. ओळ आत सरकवायची तर आठ घरं सरकवायची, टॅब दाबून. तुम्ही चारच सरकवलीत. तीपण स्पेस मारून मारून."

"तुम्ही गिऱ्हाईक आहात की इन्स्पेक्टर?"

"गिऱ्हाईकच." तो ओशाळला. त्याने टॉवेल उलगडला. आत आमच्याच कारखान्याचा कंट्रोल बोर्ड होता. "दाजींचा दुधाचा कूलर बंद पडलाय. हे दाखवायला आलो. पण ते चार दिसले अन्... राहवलं नाही."

"बोर्ड ठेवा, पाणी प्या, आणि पडद्याकडं बघू नका."

त्याने बोर्ड ठेवला, पाणी प्यायला, आणि पडद्याकडेच बघत राहिला.

आता माझ्याबद्दल थोडं. मी चांगुणा दहातोंडे. नाव आजीचं, आडनाव आमच्या चांदा गावचं, आणि आडनावाला जागणारी पोर म्हणून माझी नातेवाइकांत ख्याती आहे. सावेडीत मावशीकडे राहते आणि सुनील सरांच्या कारखान्यात काम करते. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांत ज्या थंड टाक्या असतात, त्यांचे बोर्ड आम्ही बनवतो. माझी जागा टेस्टिंगच्या बाकावर. बोर्ड आला, तपासला, शिक्का मारला, पुढचा.

पण यंदा सरांनी तापमान मोजायला एक नवा सेन्सर निवडला. आमचे बोर्ड लिनक्स या संगणकप्रणालीवर चालतात, आणि लिनक्सला तो सेन्सर ओळखता येत नव्हता. त्यासाठी लागतो ड्रायव्हर, म्हणजे दोघांमधला दुभाषा, एक छोटासा प्रोग्रॅम. तो लिहायला मी हात वर केला. मावशीला अजून वाटतं की मी टेम्पो चालवायला शिकतेय.

लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो जगभरातले लोक मिळून लिहितात, अगदी उघड्यावर. आपण आपला कोड ईमेलच्या यादीवर पाठवायचा, ओळखपाळख नसलेल्या माणसांनी सगळ्यांदेखत त्यातल्या चुका काढायच्या, आपण सुधारून पुन्हा पाठवायचा. पटला तर घेतात. सर म्हणाले होते, "पोरी, जूनच्या पहिल्या आठवड्यात नवा कोड घ्यायची ही खेप बंद होते. तोवर तुझा ड्रायव्हर घेतला गेला, तर डिझाईनचं टेबल तुझं. नाहीतर बाक आहेच."

टेबल मला हवंच होतं. पण खरं सांगू का, त्याहून जास्त मला नाव हवं होतं. कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी एकटीने केला आणि अहवालावर पहिलं नाव पडलं ते गटातल्या एका मुलाचं. तिथले प्राध्यापक म्हणाले, "अगं, त्याला नोकरीला उपयोगी पडेल. तुझं काय, लग्न होईल." मी गप्प बसले. आयुष्यात एकदाच गप्प बसले आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. कर्नलमध्ये तसं नसतं. ज्याने लिहिलं त्याचं नाव, खाली त्याने स्वतः केलेली सही, की हे माझं आहे आणि याची जबाबदारी माझी. ते पुन्हा कोणाला पुसता येत नाही.

"तुम्हाला कसं माहीत, आठ पाहिजेत ते?" मी त्या गिऱ्हाइकाला विचारलं.

"वाचलंय कुठंतरी."

"मग तो माणूसही माहीत असेल. आज सकाळीच त्याचं पत्र आलंय. जी. पठारे. एकवीस चुका काढल्यात! ओळ ऐंशी अक्षरांच्या पुढे गेली, कंस चुकीच्या ओळीवर, मधे दोन रिकाम्या ओळी... असला आंबट माणूस! अमेरिकेत बसला असेल कुठेतरी. रिटायर. घरी कोणी बोलत नसणार."

त्याने टॉवेलाची घडी सरळ केली.

"केडगावला असतो," तो हळूच म्हणाला.

"कोण?"

"तो आंबट माणूस. रिटायर नाहीये, एकोणतीस वर्षांचा आहे. घरी बोलायला मात्र... खरंच कोणी नसतं." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "गहिनीनाथ पठारे."

माझी दहाच्या दहा तोंडं बंद झाली.

बोर्डावरचा एक फ्यूज उडाला होता, पाच मिनिटांचं काम. ती पाच मिनिटं मी मान वर केली नाही. तो बोर्ड पुन्हा टॉवेलात गुंडाळून दारापर्यंत गेला आणि वळला.

"एकवीस नव्हत्या. मी एकोणीसच लिहिल्या होत्या."

"मग वरच्या दोन?"

"त्या आत्ता दिसल्या," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. बाई गं! त्या हसण्यासाठी मी आणखी दहा चुका करायला तयार होते.

दुसरी आवृत्ती पाठवली तेव्हा सात चुका निघाल्या. त्या समजावून सांगायला त्याने रविवारी सकाळी सावेडीतल्या पोह्यांच्या गाडीवर बोलावलं. सात चुका फोनवरही समजतात, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

त्याची कंपनी परदेशातली, काम घरी बसून. आई-वडील पारनेरकडच्या गावी, बहीण सुरेखाताईही तिथेच दिलेली. टॉवेलातला बोर्ड तिच्या नवऱ्याचा, कल्याण दाजींचा. हा केडगावच्या दोन खोल्यांत एकटा. पोह्यांतल्या मिरच्या तो एकेक करून प्लेटच्या कडेला लावायचा, एका रेषेत.

"तिथंपण टॅब मारता का?" मी विचारलं.

"सवय."

"पण आठच का? चारने काय बिघडतं? जीव जातो का कोणाचा?"

चष्मा वर सरकवून तो नीट बसला. बोलायला लागला की त्याचा लाजाळूपणा कुठल्या कुठे जायचा. "कोडमध्ये एक अट घातली की ओळ एकदा आत सरकते. अटीत अट घातली की दोनदा. आठ-आठ घरं सरकत गेलं, की तिसऱ्या-चौथ्या वेळेला पानाची कड येते. मग आपोआप कळतं, आपण लई गुंता केलाय, आता हे उलगडून लिहा. चार घरांत गुंता लपतो. तो नियम दिसायला चांगलं दिसावं म्हणून नाही. वाचणारा अनोळखी असतो ना... त्याला अडखळायला नको."

मी पोहे खायला विसरले. नियमांवर इतक्या मायेने बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. माझ्या ओळखीतले सगळे नियम 'पोरींनी असं करायचं नाही' इथून सुरू व्हायचे.

मग रविवार ठरूनच गेला. यादीवर आमची पत्रं एकदम कडक, इंग्रजीत, 'कृपया हे तपासावे' छापाची. पण तिथे एक गंमत असते. पत्रात वर कोडाची माहिती लिहायची, मग तीन छोट्या रेघा मारायच्या. त्या रेघांच्या खाली लिहिलेलं फक्त वाचणाऱ्यासाठी; ते कायमच्या नोंदीत जात नाही. या आवृत्तीत काय बदललं, ते तिथे सांगतात. तिसऱ्या आवृत्तीत मी तिथे लिहिलं, 'एका तपासनिसाच्या आग्रहाखातर सगळीकडे आठ घरे. तपासनीस आता तरी हसेल अशी आशा.' तासाभरात त्याचं उत्तर आलं. चार चुका, आणि त्याच्या खाली एकच शब्द: 'हसला.' जगभरातल्या हजारभर लोकांच्या डोळ्यांदेखत!

"तुम्हाला लाज नाही वाटली?" रविवारी मी विचारलं.

"तुम्हाला वाटली का?"

"मला कशाला वाटेल? आणि ते तुम्ही-तुम्ही बंद करा आता. चुका काढताना बरं जमतं एकेरीवर यायला."

"इंग्रजीत एकेरी-आदरार्थी नसतंय."

"मराठीत असतं," मी म्हणाले. तो कानापर्यंत लाल झाला. पण जाताना म्हणाला, "नीट जा... तू." ते शेवटचं 'तू' इतकं जपून ठेवलं होतं त्याने, की मी स्कूटी चालू करायची विसरून तशीच बसले.

पाचवी आवृत्ती पाठवण्याआधी त्याला दाखवली, तेव्हा एकच गोष्ट उरली होती. एका आकड्याला मी नाव दिलं होतं shila.

"हे काय?" त्याने विचारलं.

"शिळा. सेन्सरचा पहिला आकडा शिळा असतो, म्हणून तो टाकून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा."

"शिळा कसा? सेन्सरच्या माहितीपत्रकात तर लिहिलंय, पहिला आकडापण बरोबर असतो."

"लिहू दे. मला माहितीये ते त्यांना माहीत नाही."

"मग सांग ना."

मी पोह्यांवर लिंबू पिळलं. "पुढच्या रविवारी."

"चांगुणा, निदान त्या ओळीवर दोन शब्दांची टीप लिही. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे का टाकतो ते. आणि नाव इंग्रजीत कर."

"आधी पोहे, मग टीप."

आता कबूल करते, इथे माझी चूक झाली. मला त्याच्यापेक्षा एक गोष्ट जास्त माहीत होती आणि ती आठवडाभर पदरात बांधून ठेवायची मला हौस होती. त्याने 'सांग ना' म्हणावं आणि मी मान उडवावी, एवढंच. टीप न लिहिताच मी पाचवी आवृत्ती पाठवली आणि मावसबहिणीच्या, निकिताच्या लग्नाला चांद्याला गेले. तिथे दुसऱ्याच दिवशी माझा मोबाईल हळदीच्या घंगाळात पडला. पिवळाजर्द होऊन निघाला आणि पुन्हा काही बोलला नाही.

चार दिवसांनी कारखान्यात पाऊल टाकलं तर सुनील सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारातच उभे. "घेतला! पोरी, तुझा ड्रायव्हर घेतला त्यांनी! सहावी आवृत्ती एकदम पास!"

मी पेढा तोंडात घातला आणि मग विचारलं, "सहावी कुठली?"

लॅपटॉप उघडला. मागे काय झालं ते सगळं ओळीने दिसत होतं. कर्नलमधल्या आमच्या विभागाचे प्रमुख, जर्मनीतले एक वयस्क गृहस्थ, त्यांनी शेवटच्या दिवशी विचारलं होतं: 'बाकी उत्तम. पण ही शीला कोण? आणि आपण तिला फेकून का देतो?' माझं उत्तर नाही. संध्याकाळी सहावी आवृत्ती आली. त्यात शीला नव्हती. पहिलाच आकडा थेट घेतला होता. पाठवणारा गहिनीनाथ, पण लेखिका म्हणून नाव माझं. आणि खाली माझी सही.

लॅपटॉप मिटला. मी तशीच स्कूटी काढली आणि केडगाव गाठलं.

तो जिना उतरून आला तोच हसत. "आलीस! फोन का बंद होता? अभिनंदन, चांगु—"

"कोणाचं?"

"तुझं. शेवटचा दिवस होता. तुझा फोन लागेना. मी सतरा वेळा लावला. टेबल हातचं जाईल म्हणून..."

"खाली सही कोणाची आहे?"

"तुझी."

"मी केली?"

त्याचं हसू तिथेच थांबलं.

"आठ घरं शिकवलीस," मी म्हणाले. "ऐंशी अक्षरं शिकवलीस, कंस कुठं लावायचा ते शिकवलंस. आणि दुसऱ्याची सही आपण करायची नाही, हा नियम कुठल्या पानावर होता रे? पहिल्याच ना?"

"मला वाटलं तू हो म्हणशील."

"सगळ्यांना तसंच वाटतं!"

समोरच्या गॅलरीतून एक बाई कपडे वाळत घालायचं सोडून बघायला लागल्या. मला पर्वा नव्हती. मी त्याला शिळ्या आकड्याचं गुपित सांगितलं, तिथेच, उन्हात उभी राहून. त्या सेन्सरला स्वतःची चिमुकली बॅटरी असते. लाईट गेली की तो झोपतो. लाईट आली की झोपेतून उठून आधी झोपण्यापूर्वीचाच आकडा सांगतो, आणि मग खरा. तो बनवणाऱ्यांच्या देशात लाईट जात नाही, म्हणून माहितीपत्रकात ते नाही. आमच्या चांद्याच्या डेअरीत मी तीन दिवस टाकीशी उभी राहून ते पकडलं होतं. आमचा बोर्ड लाईट आल्यावर एकदा तापमान वाचतो आणि पुढचा अर्धा तास मोटर चालवायची की नाही ते ठरवतो. दूध कोमट झालेलं असणार, सेन्सर सांगणार चार डिग्री, मोटर बंदच राहणार. आणि अर्ध्या तासात लाईट पुन्हा जाणार.

गहिनीनाथचा चेहरा उतरला. "दूध नासेल."

"माझ्या नावाने नासेल."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "तू टीप लिहायला पाहिजे होतीस... पण ते नंतर. चूक माझी आहे. मी आत्ता यादीवर लिहितो."

"नाही. आधी मी लिहिणार. नाव माझं आहे."

कारखान्यात परतून लॅपटॉपपुढे बसले, आणि लिहिणं जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. नाव आत गेलं होतं. टेबल मिळालं होतं. आणि त्याचं यादीवर जे वजन होतं, ते माझ्या चार ओळींनी जाणार होतं. तरी लिहिलं: 'सहावी आवृत्ती मी लिहिलेली नाही. ती सही माझी नाही. हा कोड वीज गेल्यावर चुकतो. कृपया काढून टाकावा.' खाली स्वतःचं पूर्ण नाव.

पाचव्या मिनिटाला खाली त्याचं पत्र आलं. 'हे खरं आहे. सही मी केली, तिला न विचारता. तिचा कोड बरोबर होता, मी तो मोडला. सबब काही नाही.' यादीवरच्या लोकांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्याने एकालाही उलट उत्तर दिलं नाही. जर्मनीतल्या गृहस्थांनी कोड काढून टाकला आणि लिहिलं, 'पुढच्या खेपेची वाट बघतो. शीलाची मी व्यक्तिशः माफी मागतो.'

सुनील सर भडकले. मी सहावी आवृत्ती बोर्डावर चढवली, सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवला, लाईट घालवली, मग तो कोमट पाण्याच्या कॅनमध्ये टाकला आणि लाईट आणली. बोर्डावर चार डिग्री. सरांनी पाण्यात बोट घातलं, बोर्डाकडे बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. तरी टेबल पुढच्या खेपेवरच गेलं. मी बाकावर परतले आणि शिक्के मारायला लागले.

नव्या मोबाईलवर त्याचा एकच मेसेज आला: 'बोलावंसं वाटलं तर सांग. तोवर मी त्रास देणार नाही.' आणि खरंच नाही दिला. हेच अवघड झालं. रोज फोन करून गयावया करणाऱ्यावर रागावणं सोपं असतं. रविवारी मी एकटी पोहे खायला गेले, आणि मिरच्या प्लेटच्या कडेला लावत बसले. तेव्हाच मला कळलं की मला तो हवाय. राग होता, तोही खराच होता. दोन्ही एकाच वेळी असू शकतात हे मला माहीत नव्हतं.

सहा आठवडे गेले. मी नवी आवृत्ती लिहिली. शीलाचं नाव बदलून इंग्रजीत stale, म्हणजे शिळाच, केलं आणि तिच्यावर तीन ओळींची टीप लिहिली, लाईट जाण्यापासून सगळं. पण ती पाठवण्याआधी मला खऱ्या टाकीवर, खऱ्या दुधात तपासायची होती. मी त्याला लिहिलं: 'तुझ्या दाजींचा कूलर तपासायला मिळेल का?' उत्तर आलं: 'दाजींना विचारून सांगतो.' दहा मिनिटांनी: 'हो म्हणाले. ये.'

पारनेरकडच्या त्या गावात जुलैचा वारा असा सुटला होता की ओढणी सांभाळता सांभाळता माझी पुरेवाट झाली. शेडमध्ये ओल्या चाऱ्याचा वास, कोपऱ्यात टाकी, आणि टाकीशेजारी गहिनीनाथ. थोडा वाळलेला. मी बोर्ड बदलला, नवा सेन्सर लावला. त्याने मला पाना दिला, पण हात लावू का, असं आधी विचारून.

सुरेखाताई चहा घेऊन आल्या. "ही व्हय चांगुणा! ह्यो दीड महिना नुसता भिताडाकडं बघून जेवतोय बघ. आमी म्हनलं, देवऋषी बघावा का काय!"

"ताई, जा ना तू," तो कळवळून म्हणाला.

कल्याण दाजींनी मेन स्विच पाडला. दूध कोमट व्हायची वाट बघत आम्ही दोघं पायरीवर बसलो. मध्ये हातभर अंतर. तो टाकीकडे बघत होता, मी घड्याळाकडे. दोन तासांनी दाजींनी स्विच वर केला.

बोर्डावरचा दिवा लागला. सेन्सरने आधी चार सांगितलं, आणि माझ्या कोडाने ते टाकून दिलं. मग आलं एकोणीस. टाकीखालची मोटर घरघरली आणि सुरू झाली.

"आवं, चालू झालं की!" दाजी म्हणाले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. कूलर चालू होण्यासाठीच असतो. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

तिथेच पायरीवर बसून मी सातवी आवृत्ती पाठवली. सप्टेंबरात ती घेतली गेली, टेबलही मिळालं. पण त्या दिवशी एवढं कोणाला माहीत होतं! लॅपटॉप बंद केला तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता.

"तपासून घेतली असतीस माझ्याकडून," तो म्हणाला.

"चूक होती का एखादी?"

"नव्हती. म्हणूनच जरा वाईट वाटलं."

मी हसले. मग तोही हसला. बाई गं, पुन्हा तेच!

"एक सांगायचंय," तो म्हणाला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सुरेखाताई महिनाभर मागं लागलीय. तुझ्या वडलांना, अण्णांना फोन करते, बोलणी करते म्हणून. मी तिला थांबवलंय. तुझ्या वतीने मी कोणालाच काही बोललो नाही. आईलापण नाही." तो थांबला. "मला तू आवडतेस, चांगुणा. लई आवडतेस. हे माझ्याकडचं झालं. तुझं... तू सांगशील तेव्हा. नाही सांगितलंस तरी—"

"तरी काय?"

"तरी कूलर बंद पडला की येत जा."

"आणि मुद्दाम बंद पाडशील?"

"नाही," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "दुधाचं नुकसान होईल."

असल्या माणसाला कोणी काय करावं! मी मधलं हातभर अंतर सरकून संपवलं. त्याच्या हातावर हात ठेवला.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "पोह्यांच्या गाडीपासून. रागावले होते तेव्हाही आवडत होतास, म्हणून तर जास्त रागावले. आणि लग्न करायचं तर तुझ्याशीच करायचंय मला."

तो नुसता माझ्या हाताकडे बघत राहिला, ऐकलेलं खरं आहे ना याची खात्री करत असल्यासारखा.

गोठ्याच्या दारातून सुरेखाताईंचा खणखणीत आवाज आला. "काय रं गहिन्या? काय ठरलं तुमचं? व्हय म्हनली का न्हाई ती?"

गहिनीनाथने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं. माझ्याकडे बघितलं आणि मान वळवून बहिणीला म्हणाला, "ताई, तिलाच विचार."

मी उठून उभी राहिले.

"व्हय म्हनले, ताई!" मी वाऱ्यावरून ओरडले. "आन् अण्णांना फोन करू नका... त्यांना माझी मीच सांगनार हाय!"